इंदूरहून अंदमान, पॅकेज न घेता

इंदूरचं सुदामानगर असो की राजेंद्रनगर, अंदमानचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पॅकेज कितीला पडलं?" पॅकेज घेण्यात वाईट काही नाही. वयस्कर आई-वडिलांना दोघांनाच पाठवायचं असेल, तर मीही पॅकेजच सुचवीन. पण हातीपायी धड असलेल्या आणि मोबाइलवर तिकीट काढता येणाऱ्या माणसाला अंदमानसाठी त्याची गरज नाही. तिथे सगळीकडे हिंदी चालते. नेहमीच्या बेटांवर जायला भारतीय नागरिकाला वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं. एका बेटावरून दुसऱ्यावर सरकारी बोटी जातात, बेटांवर सरकारी बस धावतात.

स्वस्तात जायचं म्हणजे कोंदट खोलीत राहायचं आणि एकवेळ जेवायचं, असं नाही. पैसा वाचतो तो ठरवण्याच्या क्रमात. आधी महिना, मग विमान, मग बोट, मग खोली, आणि बाकी सगळं तिथे गेल्यावर. बहुतेकांचं उलटं होतं. समुद्रकाठचं एखादं रिसॉर्ट आवडतं, त्याच्या तारखांवर विमान शोधलं जातं, आणि त्या तारखांना विमान महाग असतं, सरकारी बोट भरलेली असते. मग प्रत्येक ठिकाणी जास्तीचे पैसे मोजावे लागतात.

सुरुवातीलाच नावांचा घोळ मिटवून घ्या. हॅवलॉक बेटाचं अधिकृत नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असं आहे. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं. बोलताना लोक जुनी नावं घेतात, तिकिटावर नवी नावं दिसू शकतात. इथे मी बोलण्यातलीच नावं वापरते.

महिना

आपल्या सुट्ट्या आणि अंदमानचं हवामान यांचं काही जमत नाही. दिवाळीच्या सुट्टीत जावं, तर तो ईशान्येकडच्या पावसाचा आणि बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि सगळं वेळापत्रक कोसळतं. मे महिन्यात जावं, तर नैऋत्य मोसमी पाऊस भारतात सगळ्यात आधी अंदमानलाच पोहोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे केरळच्याही आधी. नाताळ ते नवीन वर्ष हवा उत्तम असते, पण त्या दिवसांत विमान, खोली, स्कूटर, सगळंच चढ्या भावात.

राहिला तो संक्रांतीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ. माझ्या मते काटकसरीने जाणाऱ्यासाठी हाच खरा हंगाम. समुद्र शांत असतो, पाणी नितळ असतं, आणि जानेवारीचा मधला आठवडा उलटला की गर्दी ओसरते. फक्त होळीला जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. तसंही रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, सोडून कोणता इंदुरी माणूस बाहेर जायला तयार होणार आहे? तेव्हा तिच्या आधी किंवा नंतर. घरात दहावी-बारावी असेल तर परीक्षा आटोपल्यावर मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य. तेव्हा उकाडा असतो. मालव्यासारखा पारा चाळिशीपार जात नाही, पण दमटपणामुळे घाम थांबत नाही. समुद्र मात्र या काळात छान शांत असतो.

महिना ठरला की भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि अमावास्या-पौर्णिमा बघून ठेवा. त्याचं काम पुढे नील बेटावर पडणार आहे.

विमान, रेल्वे की जहाज

इंदूरहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही. चेन्नई किंवा कोलकाता या दोन वाटा सोयीच्या. दोन्ही ठिकाणांहून पुढे सव्वादोन-अडीच तासांचा प्रवास. दोन्ही टप्पे एकाच दिवशी करायचे असतील तर तिकीट एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, पैसेही देत नाही. वेगवेगळी काढायचीच असतील तर मध्ये एक रात्र ठेवा.

खर्च खरोखर खाली आणायचा असेल तर चेन्नई किंवा कोलकात्यापर्यंत रेल्वेने जा आणि विमान फक्त पुढच्या टप्प्याचं घ्या. इंदूरहून हावड्याला शिप्रा एक्सप्रेस जाते. चेन्नईसाठी भोपाळ गाठलं की ग्रँड ट्रंक आणि तामिळनाडू एक्सप्रेससारख्या गाड्या आहेत, तिथून साधारण एक दिवस लागतो. चौघांचं कुटुंब असेल तर या एका निर्णयाने वाचलेल्या पैशांत बेटांवरचे दोन दिवस निघतात. एकटे-दुकटे असाल आणि सुट्टी मोजकीच असेल, तर मात्र जाता-येता तीन-चार दिवस रेल्वेत घालवण्यापेक्षा विमान आधी काढून ठेवणं शहाणपणाचं. दोन-तीन महिने आधी आणि शनिवार-रविवार सोडून बघितलं तर बरा भाव मिळतो.

जहाजाबद्दल बरेच जण विचारतात. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम इथून पोर्ट ब्लेअरला प्रवासी जहाजं जातात. तीन-चार दिवस लागतात. सगळ्यात स्वस्त वर्ग बंकचा, म्हणजे मोठ्या दालनात एकावर एक बर्थ. जहाजं रोज नसतात, तारखा महिन्यागणिक बदलतात, आणि हवामानाप्रमाणे सुटायची वेळही पुढे-मागे होते. त्यामुळे परतीची तारीख पक्की असलेल्याने जहाजाच्या भानगडीत पडू नये. ज्यांच्याकडे वेळच वेळ आहे, निवृत्त मंडळी किंवा पदवीची परीक्षा देऊन मोकळी झालेली मुलं, त्यांनी एका बाजूने जहाज आणि दुसऱ्या बाजूने विमान असं करून बघावं. चारही बाजूंना नुसतं पाणी असण्याचा अनुभव मालव्याच्या पठारावर वाढलेल्याला दुसरीकडे कुठे मिळायचा?

बेटं कमी, मुक्काम जास्त

सर्वसाधारण पाच रात्रींच्या कार्यक्रमात पोर्ट ब्लेअर, रॉस, नॉर्थ बे, हॅवलॉक, नील, बाराटांग असं सगळं कोंबलेलं असतं. माणूस दमतो आणि पैसेही जातात, कारण अंदमानात खरा खर्च एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा आहे. जेट्टीवर एकदा पोहोचलात की पोहणं, सूर्यास्त, जंगलातली वाट, यांना जवळजवळ काहीच पडत नाही. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला मी एवढंच सुचवते: पोर्ट ब्लेअर एक रात्र, हॅवलॉक तीन रात्री, नील दोन रात्री, आणि परत पोर्ट ब्लेअर एक रात्र. सात रात्री, तीन बेटं, तीन बोटी. दिवस कमी असतील तर प्रत्येक ठिकाणची एकेक रात्र कापत बसू नका, नील पूर्ण सोडा.

बाराटांग मी मुद्दाम धरलेलं नाही. तिथल्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांग नाक्यावरून ठरलेल्या वेळी गाड्यांचा ताफा सोडतात. वाटेत थांबायला आणि फोटो काढायला कायद्याने बंदी आहे. पहाटे तीन-चारला उठून टॅक्सीचं भाडं भरायचं, आणि गाडीतल्या निम्म्या लोकांचे डोळे जारवा दिसतात का यावर लागलेले असायचे, हे मला पटत नाही. त्यांच्या जंगलातून रस्ता गेला म्हणून ते बघण्याची वस्तू होत नाहीत.

बोटीचं तिकीट

सगळ्या सहलीची दोरी इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बोटी दोन प्रकारच्या. खाजगी बोटी वातानुकूलित, बंदिस्त, दीड तासात हॅवलॉकला पोहोचवणाऱ्या. एका फेरीला साधारण बाराशे ते दोन हजार. सरकारी बोटी जहाजवाहतूक संचालनालयाच्या, अंतर तेच पण दोन-अडीच तास लागतात, आणि भाडं बरंच कमी. मला सरकारी बोट भाड्यासाठी आवडते आणि डेकसाठीही. खाजगी बोटीत बहुतेक वेळ खुर्चीत बसून काचेतून बाहेर बघायचं. सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं. बोटीने बंदर सोडलं की हिरवट पाणी गडद निळं होत जातं. नशीब असेल तर बोटीच्या लाटेतून उडणारे मासे सुळकन बाहेर येतात, पाण्यावरून बरंच अंतर तरंगत जातात आणि पुन्हा आत शिरतात. शेजारी भाजीच्या पाट्या, कोंबड्यांचे खुराडे आणि परीक्षेला निघालेली मुलं असतात, कारण ही तिथल्या लोकांची रोजची वाहतूक आहे.

त्याचाच दुसरा अर्थ असा की जागा मर्यादित असतात आणि स्थानिकांचा हक्क पहिला. तिकिटं ऑनलाइन निघतात, पण फार आधी खुली होत नाहीत. ज्या दिवशी खुली होतात त्या दिवशी बसा. नाही मिळालं तर पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर फिनिक्स बे जेट्टीच्या तिकीटखिडकीवर सकाळी लवकर जा. प्रत्येक प्रवाशाच्या ओळखपत्राची छायाप्रत आणि सुटे पैसे जवळ ठेवा. सकाळची पहिली बोट सगळ्यांना हवी असते, दुपारच्या बोटीत जागा मिळण्याची शक्यता जास्त. हॅवलॉकला पोहोचल्याबरोबर तिथल्या जेट्टीवरच नीलचं तिकीट बघून टाका, मग खोलीकडे वळा.

माझा तोडगा असा: पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक हा पहिला टप्पा खाजगी बोटीचा आधीच पक्का करावा, कारण पहिलीच बोट हुकली तर पुढचं सगळं सरकतं. हॅवलॉक ते नील आणि नील ते पोर्ट ब्लेअर हे टप्पे सरकारी बोटीने करावेत.

ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागू शकते. गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, उमळायला लागल्यावर नाही. पोट अगदी रिकामं ठेवू नका, आणि मोबाइलकडे न बघता दूर क्षितिजाकडे बघत राहा.

पोर्ट ब्लेअर: सेल्युलर जेलला पूर्ण दुपार द्या

पोर्ट ब्लेअरचा विमानतळ वीर सावरकरांच्या नावाचा आहे. तिथून शहर जवळ. खोली अबर्डीन बाजार किंवा फिनिक्स बे भागात घ्या. बाजार, बसस्टँड, जेट्टी आणि सेल्युलर जेल सगळं आसपास पडतं आणि टॅक्सीचा खर्च वाचतो. स्वच्छ, साधी दोघांची खोली हजार ते दीड हजारात मिळते.

एक सवय पहिल्याच दिवशी बदलावी लागेल. घड्याळ तेच असलं तरी पोर्ट ब्लेअर इंदूरच्या जवळजवळ सतरा रेखांश पूर्वेला आहे, म्हणून सूर्य तिथे आपल्यापेक्षा तासाभराहून जास्त लवकर उगवतो आणि मावळतोही लवकर. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी साडेपाचला अंधारायला लागतं. सकाळी नऊला सावकाश पोहे-जिलबी खाऊन निघणाऱ्याचा अर्धा दिवस गेलेला असतो. पहाटे पाचला उठा, दुपारी झोपा.

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं. मधोमध टेहळणीचा मनोरा आणि त्याच्यापासून निघणाऱ्या सात तीनमजली शाखा, त्यांत सातशेच्या आसपास कोठड्या. आज तीनच शाखा उभ्या आहेत. बरेच पर्यटक तासाभरात फोटो काढून निघतात. तुम्ही तसं करू नका. एखाद्या कोठडीत शिरा आणि आतून दाराकडे बघा. साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद, उंचावर एक झरोका. मग बाहेर येऊन कडी बघा. कडीची लोखंडी पट्टी दारापासून लांब, भिंतीतल्या कोनाड्यात जाऊन बसते. गजांतून हात बाहेर काढला तरी कैद्याची बोटं तिथे पोहोचू नयेत, हा हिशेब. आणि व्हरांड्यात उभं राहून समोर बघा: समोरच्या शाखेची फक्त पाठ दिसते. एका शाखेचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कोणाला कोणाचा चेहरा दिसायला नको. विनायकराव सावरकर ४ जुलै १९११ ला इथे आले तेव्हा थोरले बाबाराव आधीच इथे होते, आणि तरीही दोघा भावांची बराच काळ भेट झाली नाही. लहानपणापासून हे वाचलेलं असतं. ती भिंत बघितल्यावर ते कळतं.

सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर टोकाला आहे. आपले लोक तिथे हात जोडून उभे राहतात, तिथून लगेच खाली उतरतात आणि निघतात. कोलूही, म्हणजे तेलाचा घाणा, बघा. दिवसाला तीस पौंड खोबरेल तेल काढायची सक्ती असे. संग्रहालयातल्या फोटोंपुढे थांबा. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहित मोइत्र आणि मोहनकिशोर नामदास यांचे प्राण गेले, त्यांना बळजबरीने दूध पाजण्याच्या प्रयत्नात. त्यांची नावं आपल्या घरांत फारशी घेतली जात नाहीत, घेतली जायला हवीत. संध्याकाळी ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम असतो. हिंदीचा खेळ कधी आहे ते दुपारी आत शिरतानाच विचारून तिकीट घेऊन ठेवा.

हॅवलॉक

इथे किनाऱ्यांना क्रमांक आहेत. जेट्टी एक नंबरला, स्वस्त खोल्या आणि खाणावळी तीन ते पाच नंबरच्या पट्ट्यात. गोविंदनगर आणि विजयनगर अशी गावांची नावं ऐकून आपल्याला इंदूरचं विजयनगर आठवतं, पण हे नारळी-सुपारीच्या बागांमधलं. बागेतली बांबूची झोपडी किंवा साधी खोली घ्या. समुद्रासमोरच्या खोलीचे दुप्पट पैसे देण्यात अर्थ नाही, कारण समुद्र दोन-पाच मिनिटांवरच असतो आणि किनारा सगळ्यांसाठी मोकळा आहे.

दिवसाला पाचशे-सहाशे रुपयांत स्कूटर मिळते. दोघांसाठी हाच सगळ्यात परवडणारा मार्ग, परवाना तेवढा बरोबर ठेवा. एकट्यासाठी बस बघा. जेट्टीपासून राधानगर म्हणजे सात नंबरचा किनारा बारा-एक किलोमीटर आहे, बसच्या फेऱ्या मोजक्या असतात, परतीची शेवटची बस विचारून मगच जा.

राधानगरला दोनदा जा. पहिल्यांदा सूर्यास्ताला सगळे जातात तेव्हा, आणि दुसऱ्यांदा सकाळी सातला, जेव्हा एवढ्या लांब पांढऱ्या वाळूवर मोजकीच माणसं असतात. रुपयाही लागत नाही. एलिफंट बीचला जेट्टीवरून बोटीने नेतात, त्याचे माणशी हजाराच्या आसपास. तिथेच राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातून पायवाटेनेही पोहोचता येतं, पाऊण तास धरा. वाटेत चिखल लागतो, स्थानिक वाटाड्या बरोबर घ्या, वाट खुली आहे का ते आदल्या दिवशी विचारा, आणि दुपार उलटल्यावर निघू नका. इंदूरहून निघतानाच एक बरा मास्क आणि स्नॉर्केल घेतलात, तर प्रत्येक किनाऱ्यावर भाडं भरावं लागत नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडातली नळी तोंडात घालायची वेळ येत नाही.

नील आणि ओहोटीचं गणित

नील लहान आहे. सायकलवर सगळं बेट होतं. अंदमानच्या भाज्यांचा मोठा वाटा इथून जातो, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वांग्या-भेंड्यांचे वाफे आणि केळी दिसतात.

इथे समुद्राचं वेळापत्रक समजल्याशिवाय चालत नाही, आणि ते कोकणातल्या माणसाला उपजत माहीत असतं तसं आपल्याला नसतं. दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी. रोज ती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: भरतीला पाणी जास्त चढतं आणि ओहोटीला जास्त मागे हटतं. अष्टमीच्या सुमारास हा फरक सगळ्यात कमी.

लक्ष्मणपूरला समुद्राने कोरलेली खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिच्यापर्यंत नीट चालत जायचं ते ओहोटीतच. उधाणाच्या दिवसांत पाणी खूप मागे जातं आणि खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, रंगीत मासे अडकलेले दिसतात. वाटाड्या थोडक्या पैशांत बरोबर येतो आणि आपल्याला जिथे नुसता दगड दिसतो तिथे तीन प्राणी दाखवतो. तो खर्च करावा. पायात पट्ट्यांची घट्ट चप्पल हवी, मेलेलं प्रवाळ काचेसारखं कापतं. याउलट भरतपूरला पोहायचं तर भरतीला जा, कारण ओहोटीला तिथे घोटाभर पाणी आणि उघडं पडलेलं प्रवाळ उरतं. किनाऱ्यावर पोहोचून "इथे तर पाणीच नाही" म्हणत परतणारी माणसं रोज दिसतात. आदल्या रात्री खोलीच्या मालकांना वेळा विचारा, त्यांना त्या तोंडपाठ असतात.

अमावास्येच्या जवळ गेलात तर रात्री दिव्यांपासून दूर, गुडघाभर पाण्यात उभं राहून हात फिरवून बघा. पाण्यातले सूक्ष्म जीव निळसर चमकतात. रोज दिसतीलच असं नाही. काही जण यासाठी कयाकमधून नेण्याचे बरेच पैसे घेतात, पण किनाऱ्यावरून फुकट बघून मग ठरवा.

जेवण आणि रोजचा हिशेब

मासे खाणाऱ्याची चंगळ आहे. पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांमुळे हॅवलॉक-नीलला बंगाली पद्धतीचं जेवण मिळतं. शाकाहारी थाळीही सगळीकडे मिळते. बाजाराजवळच्या छोट्या खाणावळीत शाकाहारी जेवण दीडशे-दोनशेत होतं, तेच किनाऱ्यावरच्या कॅफेत तिप्पट. पॅकबंद वस्तू बहुतेक मुख्य भूमीवरून येतात, म्हणून त्या महाग.

इंदूरहून नेण्यासारखी सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे अर्धा किलो पातळ पोहे, भाजलेले दाणे, मीठ-साखरेच्या पुड्या आणि शेव. तिथे नारळ मुबलक. अर्धा नारळ खवून घ्यायचा, त्याच्या पाण्यात पोहे दडपायचे, लिंबू पिळायचं, दाणे टाकायचे, वर शेव. गॅस नको, किटली नको, आणि पहाटे सहाला कुठली खाणावळ उघडण्याआधी दोघांचा नाश्ता तयार. प्रवासासाठी दशम्या आणि लसणाची चटणी न्याच, त्या दोन दिवस सहज टिकतात.

हॅवलॉक-नीलवर दोघांचा दिवस असा पडतो: खोली दीड हजार, दोन वेळचं जेवण आणि चहापाणी मिळून हजार-बाराशे, स्कूटर आणि पेट्रोल सातशे. बोटींचा खर्च सगळ्या दिवसांवर पसरला तर आणखी हजाराच्या आत. म्हणजे माणशी दोन ते सव्वादोन हजार. इंदूर ते पोर्ट ब्लेअरचा प्रवास वेगळा.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा. हॅवलॉकला एटीएम आहे, नीलला त्याच्या भरवशावर राहू नका. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट सुधारलं, तरी लहान बेटांवर मोबाइलचं नेटवर्क अधूनमधून जातं आणि त्याबरोबर यूपीआयही. तिकिटं आणि खोलीच्या पावत्या कागदावर काढून न्या.

जिथे काटकसर नको

स्कूबा करायचं असेल तर सगळ्यात स्वस्त बोली लावणाऱ्याकडे जाऊ नका. प्रमाणित प्रशिक्षक, उथळ पाण्यातला सराव आणि एका प्रशिक्षकामागे एकच नवखा, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देताना कोणी चाचरलं तर उठा. दमा, कानाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर इंदूरलाच डॉक्टरांना विचारून या, तिथे लपवू नका. डुबकी मारल्यावर पुढच्या चोवीस तासांत विमानात बसायचं नाही, म्हणून हे हॅवलॉकच्या सुरुवातीच्या दिवसांत उरका.

खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत. खाडीच्या तोंडाशी किंवा खारफुटीजवळ पाटी लावलेली असेल तर तिथे पाण्यात पायही घालू नका. अंधार पडल्यावर पोहू नका. ज्यांनी फक्त तलावात पोहण्याचा सराव केला आहे त्यांनी समुद्रात छातीच्या वर पाणी येऊ देऊ नये, ओढ कळेपर्यंत उशीर होतो. वाळूतल्या बारीक माशा चावतात आणि आठवडाभर खाज येते. ओल्या वाळूवर उघड्या अंगाने लोळू नका, आणि पायांना खोबरेल तेल चोपडा.

किनाऱ्यावरचे शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून पिशवीत टाकू नका. प्रवाळाला आणि कित्येक जातींच्या शंखांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतात आणि कारवाईही होऊ शकते. मुलांना आधीच सांगून ठेवा. कवड्या-शंखांच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर परवाना असलेल्या दुकानातून पावतीसकट घ्या.

आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. विमानाच्या दिवशी सकाळी नीलहून बोट पकडून थेट विमानतळावर जाण्याचा बेत कागदावर जमतो, पण वारा सुटला की बोट रद्द होते आणि विमानाचं तिकीट बुडतं. एका खोलीचे पैसे वाचवण्यासाठी हा धोका घेऊ नका. ती दुपार रिकामी जात नाही. अबर्डीन बाजाराजवळच्या स्टँडवरून चिडिया टापूची बस मिळते, तासाभरात पोहोचवते. तिथला सूर्यास्त बघण्यासारखा आहे. उतरताना कंडक्टरला परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून घ्या, कारण तिच्यानंतर टॅक्सीवाला म्हणेल ते भाडं द्यावं लागतं.